सत्तावीस नंबरचा पट्टा

वाटीत बांगडी पडली. टिण्ण.

त्याआधी घरात कसलाच आवाज नव्हता. पहाटेचे साडेपाच. पुनमनं डाव्या हाताला साबण चोळला आणि दुसरी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून दम धरून सरकवली. घाई केली तर फुटते, आणि फुटलेली सासूला दिसली तर दिवसभराचं बोलणं. शेजारी आरोही पालथी झोपली होती, एक पाय आईच्या मांडीवर टाकून. तो पाय उचलून खाली ठेवायचं काम पुनम रोज सगळ्यात शेवटी करायची. पाच वर्षांच्या लेकराचा पाय तो, वजन ते काय असणार. पण तेवढाच तिला दिवसभरात जड वाटायचा.

"झाला का एक हात भुंडा?" गोधडीतून सासू, सखुबाई, म्हणाली.

"पट्ट्यापाशी बांगडी असली की आकडा चुकतो म्हणतेत, आत्याबाई."

"चुकू दे की आकडा! माझ्या बांगड्या देवानं काढल्या. तुझ्या कंपनीनं काढल्या. तिला कुनी दिला हा हक?"

पुनमनं बांगड्यांची वाटी कोनाड्यात ठेवली. राग तिलाही यायचा, पण साडेसहाची जीप कुणाच्या रागासाठी थांबत नाही.

वसमतहून साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला हळदीचं ते गोदाम होतं. बाहेरून निळा पत्रा. आत छत इतकं उंच की एखादं पाखरू शिरलं तर दोन दोन दिवस बाहेरची वाट शोधत फडफडायचं. मार्चपासून माल उतरायला लागला की जूनपर्यंत श्वासात हळदच. घाम पिवळा, थुंकी पिवळी, घरी जाऊन लेकराला जवळ घेतलं तर लेकराचा गाल पिवळा. चौतीस बाया दोन रांगांत बसायच्या. पुढ्यात ढीग. लांब कांड्या डावीकडं, गोल गट्टू उजवीकडं. टोपलं भरलं की डोक्यावर घ्यायचं, लाकडी फळीवरून चढून पॉलिशच्या यंत्रात ओतायचं आणि परत जागेवर येऊन बसायचं.

पट्टे आले ते संक्रांतीनंतर. पुण्याहून साहेब आले, पेढे वाटले आणि म्हणाले, हे तुमच्या तब्येतीसाठी आहे. काळं रबर, मनगटावर घट्ट बसणारं. खालच्या बाजूला हिरवा दिवा, कातडीला चिकटलेला. पट्टा काळजाचे ठोके मोजायचा आणि आकडा वरच्या छोट्या काचेवर दाखवायचा. कोण किती वाकलं तेही त्याला कळायचं. आणि हात चाळीस सेकंद थांबला की तो थरथरायचा. तीनदा थरथरला की भिंतीवरच्या टीव्हीत तुमचा नंबर लाल. टीव्हीवर नावं नव्हतीच. पुनम सव्वीस. तिच्या शेजारची निता सत्तावीस.

"आमच्या मालकानं लग्नात सुदिक इतका घट्ट हात धरला नव्हता," मिराबाई पहिल्या दिवशी म्हणाली होती. ती सगळ्यांत थोरली, दोन्ही रांगा तिच्या शब्दात. तेव्हा सगळ्या हसल्या. पंधरा दिवसांनी कुणी हसेना. पाणी प्यायला उठलं तरी लाल. लघवीला गेलं तरी लाल. कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला की बाया आधी टीव्हीकडं बघायला लागल्या.

निता कालव्यापलीकडच्या तांड्यावरची. त्याच जीपनं यायची, पुनमच्या मांडीला मांडी लावून बसायची. कामावर तिची एक सवय होती: दोन कांड्या टाकायची, क्षणभर थांबायची, मग तिसरी. टक्, टक्... टक्. त्या थांबण्यात ती बोटांनी गट्टू चाचपून बघायची. तिचा ढीग सगळ्यात नीट असायचा. आरोहीसाठी ती तांड्यावरून बोरं आणायची, ओच्यात बांधून, आणि जीप दारात थांबली की स्वतः तिच्या हातात द्यायची. एप्रिलात तिला तिसरा महिना लागला, ते फक्त पुनमला ठाऊक होतं.

"टोपलं उचलायचं तेवढं दुसरीला द्या म्हणून सांग ना विश्वंभरला," पुनम म्हणाली.

निता गेली सांगायला. विश्वंभर सुपरवायझर, पुनमच्या माहेरच्या गावचा, पोरगा तसा वाईट नव्हता. हातातल्या टॅबवर त्यानं बोट फिरवून बघितलं.

"पट्ट्यात तसं बटणच न्हाई, ताई," तो म्हणाला.

सोमवारी दुपारी निता टोपलं घेऊन फळी चढताना मध्येच बसली. तिला गरगरलं होतं. पुनमनं बघितलं: निता बसली, डोळे मिटले, एका हातानं टोपलं धरलेलं. आणि तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. निता दचकून उठली, पट्टा थरथरला म्हणून उठली, आणि उठताना तोल जाऊन कुशीवर पडली. खाली यंत्राचा लोखंडी पाया होता.

"रिक्षा बोलवतो," विश्वंभर म्हणाला. "आराम करा ताई. पण तीन दिवसांच्या वर गैरहजरी लागली तर नंबर बंद पडतो बरं का. मग माझ्या हातात न्हाई."

पडल्याचं त्यानं कुठं लिहिलं नाही. लिहायला जागा नव्हती म्हणाला. निताला रिक्षात बसवताना मिराबाईनं तिचा पट्टा काढून घेतला आणि सहापर्यंत स्वतःच्या हातात ठेवला.

त्या संध्याकाळी जीपमध्ये मिराबाईनं ठरवलं. "बाळंतीण घरी असली की तिची पात आपन धरत होतो का न्हाई? निंदायला गेलो तर दोन वळी आपल्या, एक तिची. तसंच करायचं. पुनम, तू तिच्या बाजूची. तिचा पट्टा तू घाल, ढीग आमी वाटून घेतो."

त्यात वाईट काय होतं? शेतात चालत आलेली सावड होती ती. एकीचं अडलं की दुसरीनं खांदा द्यायचा. ती गोदामात आणताना कुणाच्या मनात शंका आली नाही.

मंगळवारी पुनमनं डाव्या हातात दोन पट्टे घातले. मनगटावर स्वतःचा, त्याच्या चार बोटं वर निताचा, पदराखाली झाकून. तासाभरानं तिनं सहज बघितलं. खालच्या काचेवर अठ्ठ्याण्णव. वरच्या काचेवर एकशे सोळा.

वर नीट बसला नसेल, तिला वाटलं. तिनं पट्टा घट्ट केला. एकशे अठरा.

बुधवारी अकराच्या सुमारास वरचा आकडा एकदम एकशे चाळीसला गेला. पुनम तर बसून कांड्या निवडत होती, तिचा स्वतःचा आकडा जागचा हललाही नव्हता. थोड्या वेळानं तो हळूहळू उतरला. जेवणाच्या सुट्टीत तिनं निताला फोन लावला.

"अकराला काय करत होतीस गं?"

"ओकत होते," निता म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "कूस लई दुखून राहिली, पुनमताई. प्रेमदास म्हणतो उद्या दवाखान्यात नेतो. काहून विचारलं?"

"काही न्हाई. पाणी पी."

फोन ठेवल्यावर पुनमनं पदर सारून पट्ट्याकडं बघितलं. आकडा वाढत होता, थांबत होता, परत वाढत होता. रडणाऱ्या बाईच्या श्वासासारखा. मिराबाईला सांगावं असं तिला वाटलं. पण सांगणार काय?

गुरुवारी सकाळपासून वरचा आकडा एकशे तीसच्या खाली आला नाही. साडेअकराला तो पडायला लागला. नव्वद. सत्तर. पन्नास. पुनमच्या हाताला रबराखाली गार लागलं, एप्रिलच्या उकाड्यात, पत्र्याखाली. तिनं हातातली कांडी तशीच धरून ठेवली. तिचा स्वतःचा पट्टा थरथरला, तरी ती हलली नाही.

मग वरच्या काचेवर आकडा आला: बहात्तर.

तो बहात्तरच राहिला. एकाहत्तर नाही, त्र्याहत्तर नाही. पुनमचा जीव भांड्यात पडला. दवाखान्यात पोचली असेल, सलाईन लागलं असेल. घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

एक वाजता निताच्या नवऱ्याचा, प्रेमदासचा, फोन आला. तो नीट बोलू शकत नव्हता. वसमतच्या दवाखान्यातून पुढं नांदेडला न्यायला सांगितलं होतं, आणि ती वाटेतच गेली.

"किती वाजता?" पुनमनं विचारलं. असं विचारू नये, हे तिला विचारल्यावर कळलं.

"बाराला वीस कमी असतील. काहून?"

पुनमनं दोन्ही पट्टे ओढून काढले, चार्जिंगच्या खोक्यात टाकले आणि चालत गेटबाहेर गेली. खोक्यात टाकताना तिनं बघितलं नव्हतं असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. पण तिनं बघितलं होतं. तिचा पट्टा विझला होता. सत्तावीस विझला नव्हता.

संध्याकाळी तांड्यावर माती झाली. निताच्या कुशीवर, फासळ्यांखाली, मोठा काळानिळा डाग होता. तो तिच्या भावानं बघितला. लालसिंग त्याचं नाव, दांडगा माणूस. तो रडला नाही. प्रेमदासकडं नुसता बघत राहिला.

शनिवारी साहेब गोदामावर आलेत हे कळल्यावर पुनमनं प्रेमदासला बोलावून घेतलं. ती, मिराबाई आणि प्रेमदास, तिघं साहेबांच्या खोलीत उभे राहिले. दुपारची वेळ, बाया बाहेर लिंबाखाली डबे सोडून बसल्या होत्या. खोलीत पंखा होता, आणि खुर्ची एकच.

"मला काही नको, साहेब," प्रेमदास म्हणाला. "एका कागदावर एवढं लिहून द्या, सोमवारी ती इथं फळीवरून पडली. तिचा भाऊ म्हणतो मी तिला लाथ मारली. ठाण्यात तक्रार द्यायला चालला तो. मी तिच्यावर कवा हात उचलला न्हाई. तुमी एवढं लिहा."

साहेबांनी लॅपटॉप उघडला. "वाईट झालं. पण आमच्याकडे पडल्याची नोंद नाही. सोमवारी सत्तावीस नंबर सहापर्यंत कामावर आहे."

"सोमवारी दुपारनंतर तिचा पट्टा माज्या हातात होता," मिराबाई म्हणाली.

"आणि मंगळवारपासून माझ्या," पुनम म्हणाली. "तिची पात आमी धरली होती."

"म्हणजे तुम्ही कंपनीची फसवणूक केली."

"व्हय, केली. लिहा तसं. पण आधी ती पडली हे लिहा."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडं वळवला. शिक्षक फळ्यावर दाखवतात तसं बोटानं दाखवलं.

"हा सव्वीस. तुमचा. गुरुवारी अकरा चाळीसला एकशे चार. हा सत्तावीस. त्याच मिनिटाला बहात्तर. दोन्ही पट्टे तुमच्या हातात होते तर ठोके दोन कसे? एका माणसाला दोन काळजं असतात का, ताई?"

पुनमचा हात आपोआप मनगटाच्या वर गेला, निताचा पट्टा होता तिथं.

"आणि दुपारी एकनंतर तुम्ही गेटबाहेर आहात. सत्तावीसचे हात सहापर्यंत चाललेत. पट्टा एकदाही थरथरलेला नाही. आज सकाळपासूनही चालूच आहे. आता मला सांगा, कुणाचं खरं धरायचं?"

"दवाखान्याचा कागद हाय," प्रेमदास म्हणाला. "ती गेली त्याचा."

"वेळ लिहिताना चूक होते. माणसाची चूक होते. हे मशीन आहे."

पुनमला आपल्या रागाची भीती वाटली. असा राग तिला कधी आला नव्हता. बाई पडली तर लिहायला जागा नाही, बसली तर लाल, मेली तर चूक. आणि आपण सगळ्या बायांनी मिळून, मायेनं, निताच्या मरणावर स्वतःच्या हातानं खोटं चढवलं.

"पट्टा आणा," ती म्हणाली. "विश्वंभर, सत्तावीस आण."

विश्वंभर पट्टा घेऊन आला. कडेला दोन बोटांत धरून आणला, मेलेला उंदीर धरावा तसा. हिरवा दिवा चालू होता. कुणाच्या हातात नसलेल्या पट्ट्यावर आकडा होता. बहात्तर.

"चार्जिंगमुळे असेल," साहेब म्हणाले. त्यांनी तो स्वतःच्या मनगटावर चढवला. बहात्तर. ते हसले. "बघा. माझे ठोके."

"मोजा," मिराबाई म्हणाली.

"काय?"

"नरड्यावर बोटं ठेवून मोजा की. आमाला मोजता तसं."

साहेबांनी दोन बोटं गळ्यावर ठेवली. पंखा फिरत होता. बघता बघता त्यांचं हसू गेलं. त्यांचं काळीज गळ्याशी धडधडताना समोरच्या तिघांना दिसत होतं, भरभर, उडालेलं. काचेवर बहात्तर.

त्यांनी पट्टा काढला. मनगटाभोवती पिवळं कडं उमटलं होतं. हातरुमालानं त्यांनी ते पुसलं, परत पुसलं.

"पट्टा खराब आहे," ते म्हणाले.

"खराब असला तर नोंद खोडा," पुनम म्हणाली. "आणि बराबर असला, तर ती कुठं बसलीय ते आमाला दाखवा."

साहेबांनी लॅपटॉप मिटला.

तेव्हा तो आवाज ऐकू आला.

भिंतीपलीकडून. गोदामातून. बाया सगळ्या बाहेर होत्या, त्यांचं बोलणं खिडकीतून येत होतं. यंत्र बंद होतं.

टक्. टक्. टक्.

हळकुंडावर हळकुंड पडल्याचा आवाज.

मिराबाईनं पुनमचं मनगट धरलं. "तिचाच हात हाय," ती पुटपुटली. "पर ती मधी थांबायची गं. दोन टाकून थांबायची."

टक्. टक्. टक्. टक्.

"आता थांबत न्हाई."

प्रेमदास दाराकडं वळला. साहेब त्याच्या आधी उठले आणि त्यांनी गोदामाकडचं दार लावून घेतलं. कडीवर हात तसाच ठेवून ते विश्वंभरला म्हणाले, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सत्तावीसची नोंद कुणी खोडायची नाही. चालू राहू दे."

पुनमला समजलं. नोंद खोडली तर बाई पडली हे कबूल करावं लागेल. नोंद चालू असेपर्यंत निता पडली नाही, आजारी नाही, मेली नाही. कामावर आहे.

कागद मिळाला नाही. त्याच संध्याकाळी मिराबाई अकरा बायांना घेऊन तांड्यावर गेली. लालसिंगच्या ओट्यावर बसून एकेकीनं सांगितलं: आमी बघितलं, ती अशी बसली, तो पट्टा असा थरथरला, ती अशी पडली. आरोहीच्या डोक्याची शपथ घ्यायला कुणीतरी सांगितलं; पुनमनं ती घेतली नाही, खरं बोलायला लेकराचं डोकं कशाला लागतंय म्हणाली. लालसिंगनं एकीलाही मध्ये तोडलं नाही. मग उठून आत गेला आणि प्रेमदासला पाणी घेऊन आला. तेवढं झालं. माणसांनी माणसांचं ऐकलं.

मंगळवारी पुनम सव्वीस नंबर सोडल्याची सही द्यायला गेली. त्या दिवशी सखुबाई दुखण्यानं पडून होती, म्हणून आरोहीला बरोबर न्यावं लागलं. दुपारचे तीन वाजले होते. गेटच्या जाळीतून आतलं सगळं दिसत होतं: दोन रांगा, पिवळी धूळ, भिंतीवरचा टीव्ही. सगळ्यात वर हिरव्या रंगात सत्तावीस.

विश्वंभरनं पावती काढली. त्याचे डोळे सुजलेले होते, झोप नसल्यासारखे.

"निताच्या जागेवर कुनी घेतली का?" पुनमनं विचारलं.

"न्हाई." तो खाली बघत म्हणाला. "गरज न्हाई म्हणले साहेब. सकाळी ढीग ओतून ठेवतो आमी तिथं." मग आणखी हळू, "ताई, आणखी चार पट्टे मागवलेत त्यांनी. रिकामेच ठेवायचेत म्हणले."

"तू काहून राहतो इथं?"

त्यानं पेन पुढं केलं. पावतीवर तिची सही घेतली आणि गेट लावलं.

तेवढा वेळ आरोही जाळीला दोन्ही हातांनी धरून आत बघत होती. नाक जाळीत खुपसलेलं. एकदा तिनं हात हलवला. थोडं थांबून परत हलवला. मग हात खाली घेतला.

परतीची जीप उन्हात उभी होती. पुनमनं लेकराला मांडीवर घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, केसांतली धूळ फुंकून काढली. निता मावशी देवाच्या गावाला गेली, असं तिनं तिला शुक्रवारीच सांगितलं होतं. आरोहीनं तेव्हा मान हलवली होती, शहाण्यासारखी.

जीप सुरू झाली. गोदामाचा निळा पत्रा मागं पडला.

"आई."

"काय गं माझ्या राजा?"

"निता मावशीनं वर बघितलंच न्हाई. मी किती हात केला."

पुनमचा हात तिच्या केसांत होता तिथंच राहिला.

"तिला घरी कवा सोडतेत, आई?"